पहिल्या मात्रेचा प्रश्न

हातखंब्याच्या तिठ्यावर रत्नागिरीहून येणारा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. या भागातल्या घरात कॅन्सरचं निदान झालं की शेजारीपाजारी एकच सांगतात, ‘टाटाला न्या.’ मग रिपोर्टांची पिशवी घेऊन परळचं टाटा रुग्णालय गाठायचं, नाहीतर पनवेलला उतरून खारघरचं टाटाचंच ‘ॲक्ट्रेक’ केंद्र. केमो होते, रेडिएशन होतं, तरी काहींचा आजार उलटतो. अशा वेळी एखाद्याला डॉक्टर विचारतात, ‘एक नवीन औषध आहे, ट्रायलमध्ये यायची तयारी आहे का?’ घरात लगेच दोन तट पडतात. आपल्यावर प्रयोग करतायत, असं एक म्हणतो. नवीन औषध म्हणजे हमखास गुण, असं दुसरा. पहिल्या टप्प्याची ट्रायल, म्हणजे ‘फेज वन’, मुळात काय शोधत असते ते कळलं तर हे भांडण बरंच निवळेल.

ती शोधते मात्रा. हे औषध माणसाच्या शरीराला किती झेपतं, हा तिचा मुख्य प्रश्न. इतर बऱ्याच औषधांची पहिली चाचणी निरोगी स्वयंसेवकांवर होते. कॅन्सरच्या औषधांची बहुधा रुग्णांवरच होते. सुरुवातीची मात्रा प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून, मुद्दाम कमी धरतात. जुनी आणि अजूनही वापरात असलेली पद्धत अशी: तीन रुग्णांना ती मात्रा द्यायची आणि तीन-चार आठवडे लक्ष ठेवायचं. तिघांनाही गंभीर त्रास झाला नाही, तर पुढच्या तिघांना वाढीव मात्रा. एकाला झाला, तर त्याच मात्रेवर आणखी तिघे. दोघांना झाला, की वाढवणं थांबलं.

याचा रुग्णाच्या दृष्टीने अर्थ मोठा आहे. जो लवकर आत जातो त्याला कदाचित इतकी कमी मात्रा मिळते की गाठीवर तिचा परिणामच होऊ नये. जो शेवटी जातो त्याला औषध पुरेसं मिळतं, पण त्रासाची शक्यताही वाढलेली असते. म्हणून ‘औषध चांगलं आहे का’ याआधी विचारायला हवं, ‘मला कितवी मात्रा मिळणार, आणि आधीच्या लोकांना काय झालं?’ हा प्रश्न विचारणं उद्धटपणा नव्हे. चांगला डॉक्टर त्याची वाटच बघत असतो.

टार्गेटेड, म्हणजे कॅन्सरमागच्या नेमक्या बिघाडावरच नेम धरणाऱ्या औषधांची आशा ज्या फेज वन ट्रायलने उंचावली, ती १९९८ च्या जूनमध्ये अमेरिकेत सुरू झाली. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं. त्या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं आणि ते पांढऱ्या पेशींना वाढत राहण्याचा हुकूम देत बसतं. इमॅटिनिब हे औषध त्याच प्रथिनाला अडवतं. ब्रायन ड्रकर यांनी रुग्णांना रोज २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात केली. पहिल्या छोट्या मात्रांवर फारसं काही घडलं नाही. ३०० मिलिग्रॅम आणि त्यापुढे गेलेल्या, इंटरफेरॉन हे तेव्हाचं औषध न मानवलेल्या किंवा लागू न पडलेल्या ५४ पैकी ५३ रुग्णांचं रक्त ताळ्यावर आलं. मात्रा १००० मिलिग्रॅमपर्यंत नेली तरी ‘याच्या पुढे नको’ अशी हद्द सापडली नाही. २००१ च्या मे महिन्यात औषधाला मान्यता मिळाली.

पण इमॅटिनिब हा नियम नव्हे, आणि तसं सांगून रुग्णाला आत घेणं मला अन्याय वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९१ ते २००२ मधल्या आपल्या ४६० फेज वन ट्रायल्स तपासल्या. जवळपास बारा हजार रुग्ण. गाठ लक्षणीय आटली किंवा नाहीशी झाली असे दहातले एक, १०.६ टक्के, औषधाच्या त्रासाने दगावलेले ०.४९ टक्के. पुढे २०१३ ते २०१९ या काळात गुण येण्याचं प्रमाण १८ टक्क्यांपर्यंत चढलं. सुधारणा खरीच आहे, पण पाचातल्या चौघांना गुण आला नाही. त्यांनी दिलेल्या रक्तातून, त्यांनी सोसलेल्या उलट्यांतून पुढच्यांची मात्रा ठरली. हे त्यांना आधी ठाऊक होतं का, यावर त्या ट्रायलची सारी नैतिकता उभी असते.

आपल्या घराजवळचं उदाहरण कार-टी उपचाराचं. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने आणि टाटाच्या डॉक्टरांनी मिळून तो उभा केला. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, कॅन्सरच्या पेशींवरची सीडी१९ ही खूण त्यांना ओळखता यावी असं जनुक त्यांत घालून त्या परत शरीरात सोडायच्या. ४ जून २०२१ ला ॲक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला त्या दिल्या. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात मिळून ६४ रुग्ण होते. निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले: परिणाम मोजता आला अशा रुग्णांपैकी ७३ टक्क्यांना गुण आला, आणि दोन मृत्यू उपचारामुळे झाले. ‘नेक्सकार१९’ या नावाने या उपचाराला केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची मान्यता त्याआधीच, ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाली होती. ७३ आणि दोन, हे आकडे एका दमातच सांगायला हवेत.

हातखंब्याहून जाणाऱ्याला आणखी एक हिशेब करावा लागतो. फेज वनमध्ये पहिल्या दिवशी तासा-तासाने रक्त काढतात, मग आठवड्याला फेऱ्या, मधे कधी पुन्हा बायोप्सी. कार-टीनंतर तर सुमारे महिनाभर रुग्णालयाच्या आसपास राहावं लागतं. खारघर इथून सुमारे तीनशे किलोमीटर. सोबतीला घरातला एक कमावता माणूस अडकतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कितीतरी कुटुंबांना छप्पर दिलं आहे, पण प्रत्येकाला जागा मिळतेच असं नाही. औषध आणि तपासण्या फुकट असल्या तरी एसटी, जेवण, बुडालेली मजुरी यांचं काय, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावं. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख असायलाच हवा.

२०१९ च्या नव्या औषध आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनी रुग्णाच्या हाती बरंच काही दिलं आहे. संमतीपत्र त्याला कळणाऱ्या भाषेत हवं. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं, त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. ट्रायल सरकारी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये नोंदलेली असते. तिचा क्रमांक मागून मोबाइलवरही बघता येतो. कागद घरी आणून, गावच्या डॉक्टरला दाखवून दोन दिवसांनी सही केली तरी चालते.

एक कलम मात्र फार कमी कुटुंबांना माहीत असतं. ट्रायल संपली आणि औषध लागू पडत होतं, दुसरा इलाज नाही, तर ट्रायलच्या डॉक्टरांनी शिफारस करून आणि एथिक्स कमिटीने मान्यता देऊन ते पुढेही मोफत देण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. त्यासाठी रुग्णाला मात्र लिहून द्यावं लागतं, की यापुढची जबाबदारी औषध कंपनीवर राहणार नाही. हा कागद पुढे येणार आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवावं.