सर्व्हरचा ‘कर्नल’ का बदलावयाचा?



गळीत हंगाम आटोपून शेवटच्या पंधरवड्याची बिले निघाली, की शेतकी खात्याचा सर्व्हर एका रविवारी काही तास बंद ठेवून त्याचा ‘कर्नल’ बदलण्यात येणार आहे. ही गोष्ट गट कार्यालयांत कळल्यापासून बऱ्याच सभासदांनी आम्हांला गाठून एकच विचारले, “चाललंय ना ते? मग कशाला हात लावता?” प्रश्न रास्त आहे. ज्या यंत्रात आपली लागण नोंद, तोडीचा क्रम, काट्यावरचे वजन आणि बिलाचा हिशेब आहे, त्याला कोणी हात लावतो म्हटले की काळजी वाटणारच. म्हणून हे टिपण जरा सविस्तर लिहीत आहोत.

उसाच्या नोंदी संगणकावर ठेवणे आता काही नवे राहिलेले नाही. वारणानगरला १९९८ साली कारखान्याभोवतालच्या सुमारे ७० गावांसाठी अशी योजना निघाली होती. पुढे २००७ च्या सुमारास तिथल्याच ७ गावांत संगणकाऐवजी मोबाईलवर एसएमएस करून माहिती मिळवण्याचा प्रयोग झाला. गावातले पुढचे टोक असे बदलत गेले, पण नोंद सांभाळणारे मागचे यंत्र लागतेच. आमचे म्हणणे त्या मागच्या यंत्राबद्दल आहे.

कर्नल म्हणजे पलटणीतला कर्नल नव्हे. या इंग्रजी शब्दाचा अर्थ गर, दाण्याच्या आतला गाभा. आपला सर्व्हर लिनक्सवर चालतो. लिनक्सचा कर्नल फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतला आणि आज जगभरचे हजारो लोक त्यात भर घालतात. त्याचे काम उपसा योजनेवरच्या पाटकऱ्यासारखे. काट्याचा प्रोग्रॅम, लागण नोंदीचा, बिलाचा, बँकेला यादी पाठवणारा, हे सगळे एकाच वेळी पाणी मागत असतात. मशीनची ताकद, मेमरी, डिस्क यांची पाळी कोणाला किती द्यावयाची ते कर्नल ठरवतो. एका खाचराचा बांध फोडून दुसऱ्याने पाणी ओढू नये, हेही तोच बघतो.

हा बांधाचा मुद्दा सभासदांनी नीट ध्यानी घ्यावा. काट्यावर बसणाऱ्या माणसाला वजन नोंदवण्याचा अधिकार आहे, नोंदवलेले वजन मागाहून बदलण्याचा नाही. चिटबॉयला लागण तारीख भरता येते, दुसऱ्या गटाची यादी उघडता येत नाही. हे नियम आपण कागदावर केले आणि प्रोग्रॅममध्ये घातले, तरी शेवटी ते पाळावयास लावणारा कर्नलच. तोच फितूर झाला तर वरचे सगळे कुलूप-किल्ल्या व्यर्थ. काटामारीची चर्चा आपल्याकडे चावडीपासून सर्वसाधारण सभेपर्यंत चालते. ती बहुधा लोखंडी काट्याबद्दल असते. नोंद झाल्यावर आकडा कोण राखतो, हे फारसे कोणी विचारत नाही.

उदाहरण देतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये २००७ सालापासून एक दोष होता. तो उघडकीला येऊन दुरुस्त झाला ऑक्टोबर २०१६ मध्ये. त्याचे नाव ‘डर्टी काऊ’. गाईचा संबंध नाही, ‘कॉपी ऑन राइट’ या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते पडले. ही पद्धत तलाठ्याच्या दप्तरासारखी आहे. सातबारा बघावयास मिळतो, आणि त्यावर काही लिहावयाचे म्हटले तर नक्कल हातात देतात. नकलेवर काहीही गिरवा, मूळ दप्तर शाबूत. दोष असा होता की, दोन मागण्या एकाच क्षणी घाईघाईने वारंवार केल्या तर कर्नलचा गोंधळ होई आणि लेखणी नकलेऐवजी मूळ दप्तरावर उमटे. त्या वाटेने साधा अधिकार असलेला माणूस मशीनचा पूर्ण मालक होऊ शके. नऊ वर्षे जगभरची असंख्य मशीन या दोषासह चालत होती, आणि चांगली चालत होती. “चाललंय ना” याला आमचे उत्तर एवढेच आहे.

दुसरा दाखला आपल्या जवळचा. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाची संगणकाची कीड जगभर पसरली आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचे काम तिने अडवले. तिथे प्रश्न विंडोजचा होता. तिने धरलेल्या वाटांपैकी एक विंडोजच्या गाभ्यातल्या दोषातून जात होती, आणि त्यावरची दुरुस्ती मार्च २०१७ पासून उपलब्ध होती. बाकीच्या वाटा चोरलेल्या पासवर्डच्या होत्या. म्हणजे नुसता कर्नल बदलून सगळे भागते असे नाही. पण उघडे भगदाड तरी बुजवावे की नाही?

आता काही जाणते सभासद म्हणतील, दोष सापडेल तशी दुरुस्ती करीत जा, मुळातून बदल कशाला? त्याला मर्यादा आहे. सेंटओएस ७ ही लिनक्सची आवृत्ती २०१४ साली आली, असंख्य कचेऱ्यांत चालली, आणि ३० जून २०२४ रोजी तिच्या दुरुस्त्या थांबल्या. तिचा कर्नल ३.१० या जुन्या मालिकेतला. पुढे दोष सापडला तर औषध कोण देणार? को ७४० किती वर्षे आपण लावला, शेवटी को ८६०३२ वर आलोच. तोच वाण ठेवून शुद्ध बेणे आणणे ही किरकोळ दुरुस्ती, वाण बदलणे हे मोठे काम. यंदाचे काम दुसऱ्या जातीचे आहे, म्हणून सावधगिरी जास्त.

प्रत्यक्षात काय होणार? आधी सगळ्या नोंदींची प्रत घेतली जाईल आणि ती दुसऱ्या मशीनवर उतरवून गटवार टनेज ताळ्याला लावले जाईल. नुसती प्रत घेतली म्हणजे झाले, असे मानणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ती उघडत नाही हे त्यांना गरजेच्या दिवशी कळते. त्याच दुसऱ्या मशीनवर नवा कर्नल आधी चालवून पाहावयाचा. काट्याच्या इंडिकेटरमधून आकडा वायरने संगणकात येतो, त्या पोर्टसाठी ‘ड्रायव्हर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लागतो आणि तो कर्नलशी जुळावा लागतो. इथेच बहुतेक ठिकाणी घोडे अडते. त्यासाठी एकच भरलेली ट्रॉली पुन्हा पुन्हा काट्यावर घेऊन इंडिकेटरवरचा आणि पडद्यावरचा आकडा मिळवून पाहू.

नवा कर्नल जुन्याला पुसत नाही, त्याच्या शेजारी बसतो. मशीन बंद करून चालू करेपर्यंत कारभार जुन्याकडेच असतो. चालू होताना यादी येते, नव्याने दगा दिला तर त्या यादीतून जुना निवडता येतो. मात्र दोन-तीन कर्नल ठेवावयास डिस्कच्या त्या कप्प्यात जागा लागते. कप्पा भरलेला असेल तर नवा अर्धवट बसतो आणि मशीन उठत नाही. तेव्हा जागा आधी मोजून ठेवणार आहोत. जुन्यावर परत जाणे हीदेखील तात्पुरती सोय आहे, कारण जुने भगदाड त्याच्यासोबत परत येते.

कर्नल बदलल्याने काट्याचे वजन कमी-जास्त होत नाही, हे इथेच सांगतो. वजन काट्याचा लोडसेल आणि इंडिकेटर देतात, त्याची तपासणी वैधमापन खाते करते. सर्व्हर फक्त आलेला आकडा जपतो.

मिलचे रोलर जसे हंगाम संपल्यावरच काढतात, तसेच हे काम. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. सर्व्हर बंद होता ही सबब त्यात कुठेही नाही. म्हणून बिले आधी, मग कर्नल. आडसालीची नोंद जुलैत सुरू होते, त्यापूर्वी सगळे उरकावयाचे. बंदच्या दिवशी गट कार्यालयात नोंद वहीत होईल व तिची सही-शिक्क्याची पावती मिळेल, ती सोडू नये.

हंगामातल्या काटा पावत्या तोवर फेकू नका. काम झाल्यावर प्रत्येक गटात सभासदवार उतारा लावण्यात येईल. त्यात आपले एकूण टनेज, खेपांची संख्या, खोडव्याचे क्षेत्र आणि बँक खात्याचे शेवटचे आकडे पावत्यांशी पडताळून पाहावेत. हिंजवडी-माणच्या आयटी पार्कात मुलगा, मुलगी वा सून कामाला असेल तर त्यांनाही हे टिपण दाखवावे, त्यांच्या सूचना आम्हांला हव्या आहेत. उताऱ्यात फरक आढळल्यास पावतीची झेरॉक्स जोडून गट कार्यालयात लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी.