मल्लखांबाचे लाकूड आणि सीमेवरचे मूल

कणकुंबी हे नाव गेली कित्येक वर्षे गोमंतकीय वाचकाच्या कानांवर पडते ते पाण्याच्या तंट्यापायी. चोर्ला घाट चढून बेळगावच्या वाटेला लागले की खानापूर तालुक्यातील हे गाव लागते. माउलीच्या देवस्थानापाशी उगम पावणारी मलप्रभा येथून पूर्वेस वळते आणि कळसा नाला पश्चिमेस म्हादईला मिळावयास निघतो. या पाण्यावरून राज्याराज्यांत जो वाद चालू आहे, त्याविषयी या स्तंभातून आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्ही त्या गावाकडे दुसऱ्या निमित्ताने पाहू इच्छितो. मराठी बोलणाऱ्या, घाटमाथ्यावर राहणाऱ्या, वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या अशा गावांतील मुलांनी व्यायाम कोणत्या साधनांवर करावा, हा आमच्या आजच्या चिंतनाचा विषय आहे. प्रश्न लहान वाटतो. परंतु खेळाच्या साधनांचा इतिहास चाळला असता तो तितकासा लहान राहत नाही.

व्यायामाच्या साधनांत नवनवे शोध लावण्याचे काम पाश्चात्त्यांनीच केले, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गात दृढ झाला आहे. त्याला छेद देणारे सर्वांत ठळक उदाहरण मल्लखांबाचे. कल्याणीच्या चालुक्यांच्या कुळातील राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. म्हणजे या साधनाचा जुना लेखी पुरावा आजच्या कर्नाटकाच्याच भूमीतला आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले. सप्तशृंगीच्या डोंगरावर त्यांना प्रत्यक्ष मारुतीरायाने ही विद्या शिकविली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा भाग श्रद्धेवर सोडला, तरी त्या लाकडी खांबाची घडण पाहून कोणाही यंत्रज्ञाने मान डोलवावी अशी ती आहे. जमिनीवर सुमारे साडेआठ फूट उंचीचा, सागवानाचा किंवा शिसवीचा हा खांब खाली जाड आणि वर निमुळता होत जातो. वर मान आणि मानेवर बोंड. मांडीची पकड तळाशी बसते, हाताची पकड मानेला बसते आणि बोंडावर तोल सांभाळता येतो. अंगाला आणि लाकडाला घर्षण कमी व्हावे म्हणून एरंडेल लावावयाचे, एवढाच काय तो नित्याचा खर्च. मूलतः कुस्तीगिराने प्रतिस्पर्ध्यावाचून सराव करावा म्हणून योजिलेले हे साधन आहे. म्हणजे हा खांब हाच मल्ल.

यानंतर जे घडले ते आम्हांस अधिक उद्बोधक वाटते. खांबाच्या जोडीला वेताचा मल्लखांब आला. उंचावरून सोडलेल्या लवचिक वेतावर चढून कसरती करावयाच्या, ही कल्पना. परंतु पुरेसा लांब आणि निर्दोष वेत मिळणे दुरापास्त झाले, तेव्हा व्यायामशाळांतील जाणत्यांनी हात टेकले नाहीत. त्यांनी वेताच्या जागी सुती दोर बांधला आणि त्यातून दोरीचा मल्लखांब जन्मास आला. आज असंख्य मुली ज्या प्रकारात प्रावीण्य दाखवितात तो हाच. साकळदंडाने टांगलेला मल्लखांब, जमिनीत न रोवता नुसताच उभा ठेवलेला निराधार मल्लखांब, हेही त्याच कल्पकतेचे पुढले टप्पे होत. साहित्याची टंचाई पडली म्हणून खेळ बंद पडला नाही. टंचाईतूनच नवे साधन निघाले. ही गोष्ट करणारे लोक कारखानदार नव्हते, आखाड्यात घाम गाळणारे वस्ताद होते.

दुसरे उदाहरण मात्र मनाला चटका लावणारे आहे. आपल्या तालमीतील मुद्गल आणि जोडी फिरविण्याचा व्यायाम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी पाहिला आणि तो विलायतेस नेला. १८३४ साली डोनाल्ड वॉकर याच्या इंग्रजी व्यायामग्रंथात त्याला स्थान मिळाले. न्यूयॉर्कच्या सिम केहो याने तर ‘इंडियन क्लब’ या नावानेच मुद्गलांचे उत्पादन आरंभिले आणि १८६६ साली त्यावर पुस्तकही काढले. चरकावर कातलेली, ठराविक वजनांची, विकावयास सोयीची अशी ती नवी मुद्गले झाली. १९०४ च्या सेंट लुईस आणि १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकांत ती फिरविण्याची स्पर्धा झाली, आणि आजच्या लयबद्ध जिम्नॅस्टिक्समधील हलकी मुद्गले हा त्याच वंशवृक्षाचा फुटवा होय. मूळ आपले, नाव आपले, पण माप आणि नियम दुसऱ्याचे. आपल्या तालमींनी मुद्गल जपला खरा. त्याचे प्रमाण ठरवून ते जगापुढे मांडण्याचे काम मात्र आपल्या हातून झाले नाही.

साधन ज्याच्या हाती त्याच्या हाती खेळ जातो, याची प्रचिती अन्यत्रही येते. बांबूच्या काठीने उंच उडी घेत अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅम याने १९४२ साली ४.७७ मीटरांचा विक्रम केला. पुढे काचतंतूंची लवचिक काठी आली, १९६० नंतरच्या दशकात ती सर्वत्र झाली, आणि बांबूवर शिकलेली पिढी हां हां म्हणता मागे पडली. आज विक्रम सहा मीटरांच्या वर गेला आहे. आपल्या घरचेच उदाहरण घ्यावयाचे तर खाशाबा जाधवांचे घ्यावे. लाल मातीत घडलेला हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकात गादीवरच्या कुस्तीस सामोरा गेला आणि सहाव्या स्थानावर राहिला. गादीची सवय करून घेऊन तो १९५२ साली हेलसिंकीस गेला आणि कांस्यपदक घेऊन परतला. अंगातली ताकद दोन्ही वेळी होतीच. पायाखालचे साधन परके होते ते आपलेसे झाले. कबड्डीतही माती जाऊन गादी आली आहे. ज्या गावात गादी नाही त्या गावच्या मुलाने मातीत कितीही पराक्रम केला, तरी निवड चाचणीच्या दिवशी त्याचा पाय गादीवर अडखळतो.

आता कणकुंबीकडे वळू. सीमाभागातील अशा गावांना क्रीडासाहित्य मिळालेच तर ते कोणत्या स्वरूपात मिळावे? अलीकडे शहरांतून आणि गावांतून उघड्यावरच्या व्यायामशाळा उभारण्याची लाट आली आहे. लोखंडी नळ्यांची, रंगीत, फिरणाऱ्या सांध्यांची ती यंत्रे उद्घाटनाच्या दिवशी शोभून दिसतात. परंतु घाटमाथ्यावरचा आणि किनाऱ्यावरचा पाऊस त्यांना काय करतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. सांधे गंजतात, आसने मोडतात, दुरुस्तीचे सुटे भाग गावात मिळत नाहीत आणि निविदेत दुरुस्तीची तरतूद नसते. मग ते सांगाडे कपडे वाळत घालण्याच्या कामी येतात. जे साधन गावचा मेस्त किंवा लोहार दुरुस्त करू शकत नाही, ते त्या गावाचे साधन नव्हे, असे आम्ही स्पष्ट म्हणू.

उलट, गावाच्या हाताशी काय आहे ते पाहावे. लाकूडकामाचा कसब आहे. बांबू आहे, आणि २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनेतर जमिनीवरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आल्यापासून आपल्या शेताच्या बांधावर बांबू लावून तो तोडण्यातील अडचणही पुष्कळ कमी झाली आहे. जांबोटीच्या वाटेने खाली उतरले की बेळगाव. तेथील ओतशाळा आणि यंत्रशाळा सर्वश्रुत आहेत. पंपाचे भाग आणि मोटारींचे सुटे भाग ओतणाऱ्या या शहरास शाळांसाठी वजने आणि गुंडे ओतणे अशक्य कोटीतले नाही. १९९८ साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ त्याच शहरात आहे. घाटाखाली फर्मागुडीस आमचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. जमिनीत रोवलेला मल्लखांब पावसात बुडाशी कुजतो, सुती दोर ओलसर हवेत बुरसतो, एरंडेल लावलेले लाकूड दमटपणात फुगते. या साध्या अडचणींवर उपाय शोधणे, काढता-घालता येणारे बैठे तळ बनविणे, स्वस्त आणि सुरक्षित पडगादी तयार करणे हे विद्यार्थ्यांच्या वार्षिक प्रकल्पास सर्वथा योग्य असे विषय आहेत. वेताचा दोर करणाऱ्या वस्तादांनी पदवी घेतली नव्हती. पदवी घेणाऱ्यांनी निदान त्यांच्या बरोबरीस यावे.

यावर कोणी म्हणेल की मल्लखांब हा जुन्या हौसेचा प्रकार, त्याला आज विचारतो कोण? वस्तुस्थिती तशी नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ सालीच बर्लिनला आपल्या व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली होती. २०१९ साली मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची जागतिक स्पर्धा झाली. २०२२ च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत या खेळास स्थान मिळाले आणि २०२४ साली दादरच्या समर्थ व्यायाममंदिराचे उदय देशपांडे यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. वाट मोकळी आहे. प्रश्न एवढाच की सीमेवरचे मूल त्या वाटेस लागणार कसे?

आमची सूचना साधी आहे. रोजच्या सरावाची साधने गावातच बनावीत: प्रत्येक शाळेस एक पुरलेला मल्लखांब, एक दोर, मुद्गलांच्या काही जोड्या, आणि त्यांची देखभाल शिकलेला एक शिक्षक. त्याचबरोबर तालुक्याच्या ठिकाणी एक छप्पर असलेली जागा असावी, जेथे प्रमाणित गादी अंथरलेली असेल आणि जेथे या मुलांस महिन्यातून निदान दोनदा नेले जाईल. पहिल्याने शरीर घडेल, दुसऱ्याने परक्या साधनाची भीती जाईल. एकावाचून दुसरे अपुरे आहे, हे खाशाबांच्या चार वर्षांनी आपणांस शिकविले आहे. यास लागणारा पैसा एका शोभिवंत उघड्या व्यायामशाळेच्या खर्चाहून फार अधिक असेल असे आम्हांस वाटत नाही.

कणकुंबीच्या पाण्याचा निवाडा न्यायासने आणि लवाद करतील तेव्हा करतील. त्यास किती पावसाळे लागतील हे सांगणे कठीण. परंतु तेथील दहा वर्षांच्या मुलाचे वय निवाड्यासाठी थांबत नाही. भाषेच्या हक्काविषयी सीमाभागात आपण आस्थेने बोलतो. त्या भाषेत आखाड्याचा जो शब्दसंग्रह आहे, बोंड, मान, पकड, उडी, तो केवळ कोशात उरावयाचा नसेल, तर त्या मुलाच्या अंगणात एक खांब उभा राहिला पाहिजे. तो उभारण्यास दोन्ही राज्यांच्या संमतीची गरज नाही. गावचा एक मेस्त आणि शाळेचा एक निर्धार पुरेसा आहे.