निवृत्तीनंतरचे हलके काम : आधी हिशेब, मग हौस

मंडळाच्या कार्यक्रमांत फराळाच्या टेबलाभोवती हल्ली एक नवा विषय निघू लागला आहे. पूर्वी मुलांच्या शाळा, घराचे कर्ज आणि भारताची विमानाची तिकिटे यांवर गप्पा रंगत. आता ‘तुमची आओवे कधी सुरू होणार?’ अशी विचारपूस होते. आओवे म्हणजे इथले सरकारी वृद्धापवेतन. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच : ‘मग पुढे काय करणार?’ बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. ‘बघू, दोन-तीन दिवसांचे काहीतरी हलकेफुलके काम धरू.’

हा ‘हलकेफुलके’ शब्द मात्र जरा फसवा आहे. दिसायला हलके वाटणारे काम अंगावर येऊ शकते, आणि अवघड वाटणारे काम आनंदाचे ठरू शकते. शिवाय काम हौसेसाठी करायचे की गरजेसाठी, हे आधी ठरलेले नसेल तर निवड आपल्या हातात राहत नाही. म्हणून या लेखात आधी पैशाचा, मग कामाचा आणि शेवटी घराचा विचार करू.

अर्धवेळ कामाचा देश

आपण राहतो तो देश या बाबतीत आपल्याला अनुकूल आहे. युरोपीय संघात अर्धवेळ काम करणाऱ्यांचे प्रमाण नेदरलँड्समध्ये सर्वांत जास्त आहे. त्यामागे इतिहास आहे. १९८२ च्या वासेनार करारात कामगार संघटनांनी पगारवाढीचा आग्रह सोडला आणि त्या बदल्यात कामाचे तास कमी करून अधिकांना काम देण्याचे धोरण ठरले. पुढे १९९६ पासून, केवळ तास कमी आहेत म्हणून अर्धवेळ नोकराला दुय्यम वागणूक देण्यास कायद्याने बंदी आली. त्यामुळे इथे ‘मी आठवड्याला दोन दिवस काम करतो’ असे सांगताना कोणी मान खाली घालत नाही.

आणि डीमनकरांना तर हे सांगायलाच नको. जवळजवळ सगळीकडून ॲमस्टरडॅमने वेढलेले आपले हे छोटेसे गाव, पण हंगामी आणि अर्धवेळ माणसे पुरवणाऱ्या रँडस्टॅड या जगातल्या एका सर्वांत मोठ्या कंपनीची मुख्य कचेरी इथेच आहे. १९६० साली फ्रिट्स गोल्डश्मेडिंग या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ॲमस्टरडॅमच्या फ्रेये युनिव्हर्सिटीत शिकत असताना एका मित्राबरोबर हा उद्योग सुरू केला. आज ‘आउटझेंडब्युरो’ हा शब्द इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असतो, आणि केवळ निवृत्तांना काम मिळवून देणारी ब्युरोही आहेत. म्हणजे काम मिळणे ही मुख्य अडचण नाही. कोणते घ्यायचे आणि कोणते नाकारायचे, हा खरा प्रश्न आहे.

आधी पैशाचा हिशेब

आओवे १९५७ पासून सुरू आहे. ती नोकरीवर अवलंबून नसून या देशातल्या वास्तव्यावर अवलंबून आहे. आओवेच्या वयाआधीची पन्नास वर्षे धरली जातात आणि इथे विमा असलेल्या प्रत्येक वर्षामागे २ टक्के जमा होतात. डच माणसाची पन्नास वर्षे आपोआप भरतात. आपली भरत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. उच्चशिक्षित स्थलांतरितांसाठीची योजना २००४ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी ४२ व्या वर्षी इथे आलेल्या गृहस्थांचे आओवेचे वय (त्यांच्यासाठी ६७ वर्षे ३ महिने) २०२९ च्या सुमारास भरेल. तोवर त्यांची सुमारे २५ वर्षे होतील, म्हणजे त्यांना पूर्ण रकमेच्या निम्मी आओवे मिळेल. कंपनीच्या पेन्शनचेही तसेच, तीही २५ वर्षांचीच असणार. शेजारच्या डच गृहस्थांनी निवृत्तीनंतर बागेत खुरपे घेऊन बसावे हे त्यांना परवडते, तेवढ्यावरून आपल्यालाही परवडेल असे धरून चालू नये.

आणखी एक बारकावा आहे. भारत आणि नेदरलँड्स यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ डिसेंबर २०११ पासून अमलात आहे. त्यानंतर जे भारतीय कंपनीच्या नेमणुकीवर, भारतातल्या प्रॉव्हिडंट फंडाचे प्रमाणपत्र घेऊन इथे आले, त्यांची तेवढी वर्षे आओवेत धरली जात नाहीत. आपली किती वर्षे जमा आहेत, हे एसव्हीबी या संस्थेकडून डिगीडीने कळते. हा आकडा निवृत्तीच्या आदल्या महिन्यात पाहण्याचा नव्हे, पन्नाशीतच पाहून ठेवावा.

भगिनींसाठी यात एक चांगली गोष्ट आहे. आओवे वास्तव्यावर असल्यामुळे, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेल्या आणि स्वतः कधीच नोकरी न केलेल्या बाईलाही तिच्या स्वतःच्या नावावर आओवे मिळते. कंपनीची पेन्शन मात्र तिला नसते. म्हणून दोघांचा हिशेब वेगवेगळा मांडावा, आणि एकजण मागे राहिल्यास काय उरेल, तेही लिहून पाहावे.

आता मिळकतीचे. आओवेच्या वयानंतर कितीही कमावले तरी पगारामुळे आपली आओवे कमी होत नाही. शिवाय १७.९ टक्क्यांचा आओवेचा हप्ता बंद होतो. २०२५ च्या दरांनी पहिल्या टप्प्यातल्या उत्पन्नावर इतरांना ३५.८२ टक्के कापले जातात, निवृत्तांना १७.९२. वार्षिक उत्पन्न साधारण ३८ हजार युरोंपलीकडे गेले की पुढच्या रकमेवर हा फायदा राहत नाही.

इथे तीन खड्डे आहेत. पहिला, ‘लोनहेफिंग्सकोर्टिंग’ नावाची करसवलत एकाच ठिकाणी घ्यायची असते. एसव्हीबी, पेन्शन फंड आणि नवा मालक अशा तिन्ही ठिकाणी ‘हो’ म्हटले की दरमहा हातात जास्त पैसे येतात आणि पुढच्या वर्षी कर खात्याचा निळा लिफाफा येतो. सवलत एकीकडेच घेतली तरी प्रत्येकजण आपापल्या रकमेपुरताच कर कापतो, त्यामुळे थोडी रक्कम बाजूला ठेवावी. दुसरा खड्डा, घरभाड्याची किंवा आरोग्य विम्याची सरकारी मदत घेत असाल तर वाढलेल्या उत्पन्नाने ती घटते. तिसरा, आओवे अपुरी असल्यामुळे ‘एआयओ’ ही पूरक रक्कम घेणाऱ्यांचा पगार त्यातून वजा होतो, आणि त्यांना वर्षात १३ आठवड्यांहून जास्त परदेशी राहता येत नाही. पुण्या-मुंबईत लांबचा हिवाळा काढण्याचा बेत असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

हा हिशेब कागदावर मांडला की दोनपैकी एक उत्तर निघते. पैसे पुरणार असतील तर काम मनाजोगते निवडता येईल. पुरणार नसतील तर आधी किती तूट आहे ते पाहून तेवढ्यापुरते काम धरावे. दोन्ही उत्तरे सन्मानाचीच आहेत. उत्तर माहीत नसताना धरलेले काम मात्र जड होते.

‘हलके’ म्हणजे नेमके काय?

कामाच्या ताणाविषयी रॉबर्ट करासेक या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडलेला विचार आजही उपयोगी पडतो. त्यांच्या मते ताण केवळ कामाच्या ओझ्याने येत नाही. ओझे जास्त आणि काम कसे, केव्हा, किती करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, अशी जोडी जमली की तो खरा येतो. लंडनच्या सरकारी नोकरांवर झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासातही हृदयविकाराचे प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा खालच्या पायरीवरच्या नोकरांत जास्त आढळले. पुढे त्याच मालिकेतल्या दुसऱ्या अभ्यासात, कामावर ताबा नसणे हे त्याचे एक कारण असल्याचे दिसले.

आपण मात्र उलटे समजतो. ‘डोक्याला ताप नको, जबाबदारी नको’ म्हणून साधे काम शोधतो. पण वेअरहाऊसमधल्या ज्या साध्या कामात दर मिनिटाला किती पाकिटे झाली ते यंत्र मोजते, तिथे सत्तरीला टेकलेल्या माणसाची दमछाक होते. याउलट बारावीच्या मुलाला गणित शिकवण्यात डोके लागते, पण वेळ आपण ठरवतो आणि विषय आपल्या हातातला असतो. तेव्हा काम पारखताना तीन गोष्टी पाहाव्यात. वेळ कोण ठरवतो? एखाद्या आठवड्यात ‘नाही’ म्हटले तर चालते का? आणि काम संपल्यावर ते आपल्याबरोबर घरी येते का?

काही ओळखीची कामे

परीक्षेच्या हॉलमधले पर्यवेक्षण हे इथल्या निवृत्तांचे आवडते काम. विद्यापीठांना आणि होखस्कूलना परीक्षांच्या दिवसांत माणसे लागतात, एरवी नाही. त्यामुळे मधले आठवडे मोकळे मिळतात. तासन्तास उभे राहण्याची आणि गप्प बसण्याची तयारी हवी, एवढेच.

मुलांना टॅक्सीबसने शाळेत पोहोचवण्याचे कामही बरेचजण करतात. त्यासाठी टॅक्सीचालकाचे कार्ड, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्याचा दाखला लागतो. मुलांचा लळा लागतो, पण फेऱ्या सकाळी आणि दुपारी असल्यामुळे दिवसाचे दोन तुकडे होतात, आणि थंडीत पहाटे काचेवरचा बर्फ खरवडावा लागतो.

बागेच्या सामानाचे किंवा सुतारकामाच्या साहित्याचे दुकान हौशी माणसाला छान. मात्र गर्दी शनिवार-रविवारची, म्हणजे नेमकी मंडळाच्या कार्यक्रमांची वेळ. शिकवण्यांना मागणी आहे, पण गणिताचे डच शब्द आधी शिकून घ्यावे लागतात.

जुन्या कंपनीतच ‘आठवड्याला दोन दिवस सल्लागार’ हे सर्वांत मोहाचे काम. पैसेही बरे मिळतात. पण दोन दिवसांचा करार असला तरी फोन पाचही दिवस वाजतो, आणि कालपर्यंत हाताखाली असलेल्यांना आज विचारून काम करावे लागते. घ्यायचेच तर सहा महिन्यांचे आणि एका विशिष्ट कामापुरते घ्यावे.

विनामोबदला सेवेचाही विचार व्हावा. वाचनालयात नवागतांना भाषेचा सराव देणे, वृद्धाश्रमात कॉफी देत चार शब्द बोलणे, खेड्यांतली ‘बुर्टबस’ चालवणे, ही कामे स्वयंसेवक करतात. २०२४ च्या नियमाने त्यांना महिन्याला २१० आणि वर्षाला २१०० युरोंपर्यंत मानधन करमुक्त घेता येत होते. यात आपला एक वेगळाच लाभ आहे. आपल्यापैकी अनेकांनी वीस-पंचवीस वर्षे कचेरीत इंग्रजीवर काढली. निवृत्तीनंतर कचेरी जाते आणि उरतो तो डॉक्टर, शेजार आणि दुकानदार, सगळे डच बोलणारे. उद्या ऐंशीव्या वर्षी दवाखान्यात आपले दुखणे आपल्याच तोंडाने सांगता यावे, यासाठी आठवड्याचे दोन दिवस डच माणसांत काढणे ही मोठी कमाई आहे.

कायदा काय सांगतो?

आओवेचे वय झाले की बहुतेक करार आपोआप संपतात, त्याच जागी राहायचे तर नवा करार हवा. निवृत्तांसाठीचा वेगळा कायदा १ जानेवारी २०१६ पासून आहे. किमान वेतन निवृत्तालाही मिळते, आणि १ जानेवारी २०२४ पासून ते तासावर ठरते. कामावरून कमी करण्याची नोटीस एक महिन्याची. आजारपणात मालकाने पगार देण्याची मुदत १ जुलै २०२३ पासून सहा आठवड्यांची आहे, इतरांना ती दोन वर्षांची असते. बेकारभत्ता नाही. बोलावतील तेव्हा जायचे असा करार असेल तर सर्वसाधारणपणे चार दिवस आधी कळवणे मालकावर बंधनकारक आहे. उशिरा बोलावले तर नकार देता येतो.

स्वतःच्या नावाने व्यवसाय करायचा तर कामेर फान कोपहांडलमध्ये नोंदणी करावी लागते. वर्षाची उलाढाल २० हजार युरोंपर्यंत असेल तर विक्रीकरातून सूट मागता येते. पण एकाच कंपनीसाठी, तिच्याच टेबलावर, तिच्याच वेळेत बसून ‘मी स्वतंत्र’ म्हणणे १ जानेवारी २०२५ पासून जड जाऊ शकते, कारण कर खात्याने तेव्हापासून तपासणी पुन्हा सुरू केली आहे.

आणि घर?

एक काम असे आहे की ज्याची जाहिरात येत नाही : नातवंडे सांभाळणे. डच आजी-आजोबांचा त्यासाठी आठवड्यातला एक वार ठरलेला असतो, बाकीचे दिवस त्यांचे स्वतःचे. आपल्याकडे मुलगी किंवा सून संकोचाने विचारते, आपण प्रेमाने ‘हो’ म्हणतो आणि बघता बघता चार दिवस जातात. वर ताबा आणि नकार याविषयी जे म्हटले, ते इथेही लागू आहे. वार आधीच ठरवावा, त्याने प्रेम कमी होत नाही. इच्छा असेल तर ‘गास्टाउडर’ म्हणून रीतसर नोंदणी करून त्याचे पैसेही घेता येतात, पण त्यासाठी ठराविक शैक्षणिक पात्रता आणि मुलांच्या प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागते.

दुसरी गोष्ट गृहिणींची. नवरा निवृत्त होतो त्या दिवशी तिचे काम वाढते : दुपारचे जेवण, चहाच्या खेपा, दिवसभर कोणीतरी घरात. तिला निवृत्तीची तारीख कोण देणार? तेव्हा बाहेरचे काम कोणी धरायचे, हे दोघांनी मिळून ठरवावे. कदाचित आता त्याने स्वयंपाकघर सांभाळावे आणि तिने दोन दिवस बाहेर पडावे.

शेवटी एक सांगावेसे वाटते. महर्षी कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. अशी उदाहरणे ऐकून आपल्याला उगाच अपराधी वाटते. निवृत्तीनंतर प्रत्येकाने काहीतरी उभारलेच पाहिजे असे नाही. मंगळवार-गुरुवारी परीक्षेच्या हॉलमध्ये उभे राहावे, शुक्रवारी नातवाला शाळेतून आणावे, उरलेले दिवस डीमरबोसमध्ये फिरावे, हेही भरलेले आयुष्य आहे.

असो. कोणतेही काम आधी तीन महिन्यांच्या बोलीवर घ्या. तीन महिन्यांनी रविवारी संध्याकाळी उद्याच्या विचाराने पोटात गोळा येत असेल, तर ते काम सोडा. नोकरीच्या वयात जे करता येत नव्हते, ते आता करता येते.