१७ पोती आणि एक ताडपत्री

कार्तिकातला शेवटचा सोमवार जवळ आला, की बंगळुरात बसवनगुडीतल्या बुल टेम्पल रोडच्या दोन्ही कडांना शेंगांच्या राशी पडायला लागतात. ही कडलेकाय परिशे, भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. सोमवार हा मुख्य दिवस, पण विक्रेते दोन-तीन दिवस आधीच येऊन जागा धरतात आणि जत्रा पांगेपर्यंत हलत नाहीत. या जत्रेबद्दल वर्तमानपत्रांत दरवर्षी छापून येतं, ते दिवसाच्या गर्दीबद्दल. मला तिथली रात्र पाहायची होती.

त्याला कारण झालं आमच्या वरच्या मजल्यावरचं जोडपं. निवृत्तीनंतर दोघं तंबू आणि भाड्याची मोटार घेऊन जर्मनीतली जुनी तटबंदीची गावं फिरून आली : रोथेनबुर्ग, डिंकेल्सब्यूल, नॉर्डलिंगेन. काका गावांच्या वेशींबद्दल आणि बुरुजांबद्दल भरभरून बोलत होते. काकू मात्र पुन्हा पुन्हा तंबूच्या तळाकडे वळत. गाडीशेजारी विजेची जोडणी, हाताशी नळ, गरम पाण्याची न्हाणीघरं, भांडी घासायला निराळी मोरी. ‘उघड्यावर झोपलो, पण कधी अडचण म्हणून झाली नाही,’ असं त्या म्हणाल्या. त्याच आठवड्यात रात्री उशिरा बुल टेम्पलच्या चढावरून घरी येताना एक जोडपं फूटपाथवर स्टोव्ह पेटवून भात शिजवताना दिसलं. डोक्यावर निळी ताडपत्री, तिची एक कड कुंपणाच्या गजांना बांधलेली, दुसरी टेम्पोच्या फाळक्याला. मागे पोत्यांची थप्पी. मी थांबले, आणि पुढच्या रात्रीही तिथेच गेले.

बाई पन्नाशीच्या, चिंतामणीकडच्या. कानडी बोलताना मधेच तेलुगूत शिरायच्या. ‘१७ पोती आणलीत, अक्का,’ हे त्यांचं पहिलंच वाक्य. नंतर शेजारच्या विक्रेत्याला, चहावाल्या पोराला, फूटपाथ मोकळा ठेवा म्हणून सांगायला आलेल्या हवालदारालाही त्यांनी हेच सांगितलं : १७ पोती. त्यातली सहा स्वतःच्या अडीच एकरांतली, पावसावर पिकलेली. बाकीची अकरा गावातल्या तिघा-चौघांकडून उधारीवर उचललेली, पैसे जत्रेनंतर. म्हणजे रस्त्यावर ठेवलेल्या मालातला मोठा हिस्सा दुसऱ्यांचा होता. राशीपासून चार पावलं लांब जातानासुद्धा त्या ‘यजमानांना’ हाक मारून जागं का करायच्या, ते मला तेव्हा कळलं.

काम तसं साधं. पोतं उसवायचं, शेंगा चाळणीवर घ्यायच्या, माती आणि पोचट शेंगा काढून टाकायच्या, रास लावायची. भाजणीची कढई शेजारच्या गाड्यावर होती. तापलेल्या वाळूत झारा फिरला, की टरफल करपल्याचा खमंग वास सगळ्या चढावर पसरायचा. या बाई मात्र कच्च्याच शेंगा विकत होत्या. त्यांचा हात पाहावा तो मापावर. माप पत्र्याचं, काठ झिजून गुळगुळीत झालेला. ते राशीत तिरकं खुपसून वर काढायच्या, तेव्हा शेंगा काठापर्यंत आलेल्या असत. मग डाव्या तळव्याचा आडोसा धरून उजव्या हातानं वर शीग चढवायच्या. शेवटच्या तीन-चार शेंगा घसरून राशीत पडत, तिथे त्या थांबत. गिऱ्हाइकाची पिशवी पुढे आली, की आडोशाचा हात न काढता माप त्यात उलटं करत. नवऱ्याला मापाला हात लावू देत नसत. ‘ते सपाट मापतात,’ त्या म्हणाल्या, ‘मग माणूस पुढच्या वर्षी येत नाही.’ दिवसभर उभं राहून घासाघीस झाल्यावरही त्यांच्या मापाची शीग कमी झाली नाही. शहराला या शेंगा स्वस्तात मिळतात, त्याच्या मुळाशी असे हात आहेत.

इथल्या बसवण्णाच्या, म्हणजे नंदीच्या, देवळाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. एक बैल रोज रात्री येऊन शेतातल्या शेंगा फस्त करायचा. त्याचा कोप नको म्हणून शेतकऱ्यांनी पहिलं पीक त्याला वाहायचा नवस केला, त्याचं देऊळ उभं राहिलं. देऊळ केंपेगौडानं १५३७ मध्ये बांधलं, असं मानतात. आतला नंदी एकाच शिळेतला, सुमारे साडेचार मीटर उंच आणि सहा मीटर लांब. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीज भारतात आल्यानंतरच तो आपल्याकडे पोचला. त्यामुळे कथा आणि देवळाचं साल यांची सांगड घालणं अवघड आहे. पण पाऊस धड झाला नाही तर अर्धं पीक जातं अशा कोरडवाहू मुलखात, आलेल्या पिकातला पहिला वाटा देवाला नेऊन द्यावासा वाटणं मला पूर्ण पटतं. बाईंनी आल्याबरोबर पहिलं माप बसवण्णापुढे ओतलं होतं.

मराठी माणसाला या शहराच्या जत्रा परक्या वाटायचं कारण नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेनं बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वराच्या देवळाशी त्यांचा मुलगा व्यंकोजी याचा १६६९ चा शिलालेख जोडलेला आहे. त्या देवळापाशीही आता कार्तिकात शेंगांची जत्रा भरते आणि हे जोडपं तिथेही जातं. वर्षाचे काही महिने त्यांचा मुक्काम असा जुन्या देवस्थानांच्या दारात असतो. बसवनगुडी, मल्लेश्वरम, घाटी सुब्रमण्य, तुमकूरची सिद्धगंगा. टेम्पो भाड्याचा, सामान तेच : ताडपत्री, दोन घोंगड्या, स्टोव्ह, तांदळाचा डबा, माप.

रात्री बारानंतर रस्ता रिकामा होतो, पण निजानीज होत नाही. दोघं आळीपाळीनं जागतात. त्या रात्री दोनच्या सुमाराला सरी आल्या. कार्तिकात बंगळुरात पाऊस नवा नाही, पण भिजलेली शेंग दोन दिवसांत काळी पडते, बुरशी धरते. चढावर एकच धावपळ उडाली. बाईंनी डोक्यावरच्या ताडपत्रीच्या दोऱ्या दातांनी सोडल्या, ती ओढून राशीवर टाकली आणि कडांवर दगड ठेवले. नवरा उरलेली पोती टेम्पोखाली सरकवत होता. सगळं झाकून झाल्यावर दोघं एकाच घोंगडीखाली टेम्पोला टेकून उभी राहिली. ताडपत्री एकच होती. मी छत्री पुढे केली, तर त्यांनी ती घेतली आणि ताडपत्री न पुरलेल्या कोपऱ्यावर उघडून ठेवली.

या सगळ्यात एक गोष्ट मला अजून सोडत नाही. चहा सांगितला, तेव्हा बाई नको म्हणाल्या. पाणीही नको. सूर्य मावळल्यावर त्या काही पीतच नाहीत. फिरती शौचालयं उभी होती, पण चढाच्या दुसऱ्या टोकाला, आणि रात्री तिथे दिवा नव्हता, पाणी नव्हतं. त्यांच्या सोबतीला नवरा गेला, तर राशीपाशी कोण बसणार? म्हणून घसा कोरडा ठेवायचा, असं त्यांनी अगदी सहज सांगितलं. आसपासच्या राशींवरच्या इतर बायकांनाही मी विचारलं. उत्तर तेच.

जत्रेसाठी शहर पुष्कळ करतं. दिव्यांच्या माळा लागतात, वाहतूक वळवली जाते, प्लास्टिकऐवजी कापडी पिशव्या आणा म्हणून आवाहन होतं. हे सगळं येणाऱ्यांसाठी. राहणाऱ्यांसाठी फार थोडं लागेल : दर पन्नास-शंभर पावलांवर पाण्याची टाकी, उजेडातलं आणि राखणदार असलेलं बायकांचं शौचालय, पाऊस आला तर पोती हलवायला एखाद्या शाळेचा व्हरांडा. गंमत म्हणून तंबू ठोकणाऱ्याला जे मिळायला हवं असं आपल्याला वाटतं, ते पोटासाठी रस्त्यावर झोपणाऱ्या बाईला मिळायलाच हवं. विक्रेत्यांचा हा मुक्काम जत्रेचाच भाग आहे, आणि जत्रेचा खर्च मांडताना तो धरला गेला पाहिजे.

बुधवारी दुपारी बाई हिशेब करत होत्या. १७ पोत्यांतली तीन उरली होती, एक खालून भिजलेलं. भिजलेल्या शेंगा त्यांनी पोत्यावर पसरून वाळत घातल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या दाखवूनच निम्म्या भावात देत होत्या. उधारीवाल्यांचे पैसे कनवटीला वेगळे बांधले होते. उरलेली पोती घाटीच्या जत्रेपर्यंत घरी ठेवायची, असं ठरलं होतं. तिथे बरं पडतं, त्या म्हणाल्या. ती गुरांची जत्रा, जनावरांसाठी पाण्याच्या टाक्या भरलेल्या असतात, त्यातून माणसांनाही घेता येतं.