विडी-सिगारेट सोडल्यावरचे पहिले दिवस

- तलफ : निकोटीनची मागणी. शेवटच्या झुरक्यानंतर काही तासांत सुरू. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत तीव्र. 2 ते 4 आठवड्यांत बरीच कमी.
- तलफेची एक लाट : साधारण 5 ते 10 मिनिटे.
- तेवढ्या वेळात : घोटघोट पाणी, खोल श्वास, थोडे चालणे, तोंडात बडीशेप किंवा लवंग.
- सोबतची लक्षणे : चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, वाढलेली भूक. तात्पुरती.
- खर्रा हा पर्याय नाही : त्यातही तंबाखू, म्हणजे निकोटीन.
- निकोटीन च्युइंगम : औषध, डॉक्टरांच्या सल्ल्याने.
- मदत : राष्ट्रीय क्विटलाइन 1800-11-2356, निःशुल्क. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा येथूनही हाच क्रमांक.