फोनला मराठी कळतं, मग अडतं कुठे?

‘फोनला आपली मराठी कळत नाही’ ही तक्रार उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठेही ऐकू येते. पण बोलून टाइप करण्याच्या सोयीत गुगलने मराठी २०१७ मध्येच आणली. तरी ‘सुशीलाताईंना फोन लाव’ म्हटल्यावर फोन गप्प बसतो, कारण नाव आपणच रोमन लिपीत ‘Sushi Amb’ असं ठेवलेलं असतं. त्याने जुळवायचं कशाशी?

‘हेल्पलाइनला ऐकू येत नाही, म्हणजे तंत्रच कच्चं’ हेही अर्धसत्य. जुनी टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज वाहून नेते. ‘स’ची बरीचशी शीळ त्याच्या वर असते, ती वाटेतच गळते. त्यात लोकलचा खडखडाट आणि फलाटावरची घोषणा. शेतमालाचे भाव फोनवर बोलून विचारता यावेत म्हणून आयआयटी मुंबई आणि टीआयएफआरच्या संशोधकांनी मराठी शेतकऱ्यांचे आवाज टेलिफोनवरूनच गोळा केले, ते यासाठीच. यंत्र जिथे वापरायचं, तिथलाच आवाज त्याला शिकवावा लागतो.

पासवर्डऐवजी आवाज हीच किल्ली पुरे, असंही अनेकांना वाटतं. पण काय बोललं हे ओळखणं वेगळं आणि कोण बोललं हे ओळखणं वेगळं. आवाजाची नक्कल आता सहज होते, तेव्हा पैशांसाठी पिनच बरा.

‘फोन सगळं ऐकून कंपनीला पाठवतो’ हेही सरसकट खरं नाही. हाक मारण्याचे ठरलेले शब्द फोन सहसा स्वतःपुरतेच तपासतो. पुढचं बोलणं मात्र बऱ्याचदा सर्व्हरवर जातं. अ‍ॅपल, गुगल, अ‍ॅमेझॉनसाठी काम करणारी माणसं त्यातली काही ध्वनिमुद्रणं ऐकत होती, हे २०१९ मध्ये उघड झालंच. शंका अगदीच निराधार नाही.

खरी फजिती होते ती आकड्यांत. उल्हासनगरचा जीन्सवाला सांगतो, ‘पावणेदोनशे पीस, बत्तीस कंबर, कल शाम तक पोहोचव.’ पावणेदोनशे म्हणजे १७५, हा हिशेब शब्द नीट ऐकूनही चुकू शकतो. एकोणसाठ आणि एकोणसत्तर तर घाईत माणसांनाही सारखेच ऐकू येतात. त्यात फाळणीनंतर वसलेल्या या सिंधी गावात एका वाक्यात तीन भाषा सहज येतात, आणि एकाच भाषेवर लावलेला फोन तिथे गडबडतो. माझ्या मते नव्या सोयींत पहिली हीच हवी: ऑर्डर पाठवण्याआधी फोनने विचारावं, ‘एकशे पंचाहत्तर पीस, बरोबर ना?’