मुलाखतीची तयारी : आपल्याच अर्जापासून

बारावीचा किंवा पदवीचा निकाल हाती आला की घरोघरी प्रवेशाची धावपळ सुरू होते. लेखी परीक्षेची तयारी कशी करावी, हे आपल्या पाल्यांना ठाऊक असते. परंतु ‘मुलाखतीस उपस्थित राहावे’ असे पत्र आले की विद्यार्थी आणि पालक दोघेही गोंधळून जातात. मग ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरे पाठ करणे सुरू होते. वस्तुतः मुलाखतीत काय पाहावे आणि काय पाहू नये, याचा विचार आपल्याकडे थेट सर्वोच्च न्यायालयात झालेला आहे. त्यातील एक महत्त्वाचा खटला तत्कालीन म्हैसूर राज्यातील होता.

पाच निकष

१९६३ साली म्हैसूर सरकारने वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशासाठी वैकल्पिक विषयांच्या कमाल गुणांच्या २५ टक्के इतके गुण मुलाखतीसाठी ठेवले. त्यासाठी पाच निकष ठरविण्यात आले : सामान्यज्ञान, कल व व्यक्तिमत्त्व, पूर्वीची शैक्षणिक कामगिरी, राष्ट्रीय छात्रसेनेसारखे उपक्रम, आणि क्रीडा, समाजसेवा, वक्तृत्व, नाट्य आदी अभ्यासेतर कार्य. चित्रलेखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ही पद्धत बहुमताने वैध ठरविली, न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी मात्र भिन्नमत नोंदविले.

पुढे श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाविरुद्धच्या अजय हासिया खटल्यात चित्र पालटले. तेथे लेखी परीक्षेस १०० आणि मुलाखतीस ५० गुण होते. प्रत्येक उमेदवारास जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळाली आणि आई-वडील कोण, राहता कोठे, असेच प्रश्न विचारले गेले, अशी तक्रार होती. नोव्हेंबर १९८० च्या निकालात न्यायालयाने अशा प्रवेशात मुलाखतीस १५ टक्क्यांहून अधिक गुण देणे अयोग्य ठरविले.

आज कर्नाटकात अभियांत्रिकीचे शासकीय कोट्यातील प्रवेश सामाईक परीक्षेवर, तर वैद्यकीय प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतात. मुलाखत टिकून आहे ती प्रामुख्याने व्यवस्थापन शिक्षणात. म्हैसूर शहरातील श्री धर्मस्थळ मंजुनाथेश्वर व्यवस्थापन संस्था (स्थापना १९९३) हे त्याचे एक उदाहरण. मुलाखतीचा भारांक प्रत्येक संस्थेत वेगळा असतो. तो माहितीपत्रकात आधीच पाहून घ्यावा.

तयारी कशी करावी?

वरील पाच निकष आजही उपयोगी पडतात. मुलाखत मंडळासमोर बहुधा एकच कागद असतो, तो म्हणजे आपला अर्ज. म्हणून अर्जाची प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि प्रत्येक ओळीवर स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. ‘छंद : वाचन’ असे लिहिले असेल, तर अलीकडे काय वाचले आणि त्यातील काय पटले नाही? पदवीच्या प्रकल्पात चौघे होते, तर आपला वाटा कोणता? एखादे वर्ष वाया गेले असल्यास त्याचे कारण दोन वाक्यांत, कोणासही दोष न देता सांगता यावे. ज्याचे समर्थन करता येणार नाही, ते अर्जात लिहूच नये.

संस्थेच्या गावाचीही ओळख करून घ्यावी. म्हैसूरला जाणाऱ्या अन्नतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यास तेथील केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था (१९५०) ठाऊक हवी. वित्त विषय घेऊ इच्छिणाऱ्यास तेथे नोटांचा छापखाना आहे, हे ठाऊक असावे.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी इंग्रजीचा धसका घेऊ नये. छोटी वाक्ये सावकाश बोलावीत. उत्तर येत नसेल तर तसे नम्रपणे सांगावे. अंदाजाने दिलेल्या उत्तरावर पुढचा प्रश्न हमखास येतो. सरावासाठी आई-वडिलांऐवजी परिचयातील एखादे शिक्षक अथवा निवृत्त अधिकारी यांना विनंती करावी. घरच्या माणसांना उत्तरे आधीच ठाऊक असतात.

पालकांसाठी

उत्तरे लिहून देण्याचा मोह पालकांनी टाळावा. त्यांनी मूळ प्रमाणपत्रे लावून ठेवावीत आणि खर्चाचा हिशेब मांडावा. गुणवत्तेवर मिळालेला प्रवेश हा शैक्षणिक कर्जाचाही आधार असतो. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत सामान्यतः मालमत्ता तारण लागत नाही. पालक सहकर्जदार असतात, आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. या काळातही व्याजाची आकारणी चालू राहते, हे ध्यानात ठेवावे. अर्ज ‘विद्यालक्ष्मी’ संकेतस्थळावरूनही करता येतो. मुलाखतीपूर्वीच शाखेत चौकशी केल्यास ‘शुल्काची सोय कशी कराल?’ या प्रश्नालाही पाल्य निःसंकोच उत्तर देऊ शकेल.

या हंगामात मुलाखतीस सामोरे जाणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांना मनःपूर्वक शुभेच्छा!